सिल्या तोगाशींकडे राहायला आली तेव्हा

फिनलंडची एक मुलगी शाळेच्या वर्षासाठी घरी राहायला येणार असं ठरलं आणि किमिए तोगाशीने अख्खा उन्हाळा घर घासण्यात घालवला. माडीवरची खोली तिने इतक्यांदा पुसली की तिचा नवरा इसाओ म्हणाला, "अगं, आता त्या लाकडाची सालं निघतील." इसाओ जपानमधल्या साकाता गावात बस चालवायचा. बोलणं मुळात कमी, आणि जे काही बोलायचा ते गाडी उभी असताना.

माडीवरची खोली त्यांच्या मुलीची, चिनात्सुची. ती चार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे सेन्दाईला निघून गेली होती आणि नवीन वर्षाला एक फोन करायची, त्यातही बापाशीच जास्त बोलायची. गावात कुणी विचारलं तर किमिए सांगायची, तिकडे नोकरी चांगली मिळाली. खरं कारण घरातल्या तिघांनाच माहीत होतं. चिनात्सु तेव्हा गावातल्या एका कपड्यांच्या दुकानात होती. एका हिवाळ्यात किमिएने तिला न सांगता दुकानाच्या मॅनेजरला फोन केला, की बर्फात पोरीला संध्याकाळची पाळी देऊ नका, तिला लवकर सर्दी होते. दुकानातल्या पोरींनी ते आठवडाभर चघळलं. बर्फ वितळायच्या आत चिनात्सुने बॅग भरली.

किमिएच्या हातांना रिकामपण कधी ठाऊकच नव्हतं. ती लहान असताना तिची आई मासळीची टोपली पाठीवर बांधून पहिल्या आगगाडीने आतल्या गावांत विकायला जायची आणि परत यायची ती मुलं गार भात खाऊन झोपल्यावर. धाकट्या भावांचं सगळं किमिएनेच केलं. तेव्हाच तिने मनाशी घट्ट धरलं होतं की आपल्या पोटच्या पोराला कधी असं दाराकडे डोळे लावून बसावं लागणार नाही. लग्नानंतर सासू अंथरुणाला खिळली, तिचं केलं. त्याच्याच जोडीला लोणच्यांच्या कारखान्यात मुळे आणि लाल सलगम कापायला जायची. मग सगळंच पाठोपाठ आटोपलं. सासू गेली, कारखाना बंद पडला, मुलगी निघून गेली. सकाळचं काम उरकलं की किमिए स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहायची आणि हात कुठे ठेवावेत हेच तिला कळायचं नाही. अशात परदेशी मुलांना गावातल्या घरांत ठेवणाऱ्या समितीच्या होरीबाई दारोदार विचारत आल्या, तेव्हा किमिएने इसाओला विचारायच्या आत होकार देऊन टाकला.

सिल्या ऑगस्टच्या अखेरीस आली. सतरा वर्षांची, उंच, पिवळसर केसांची एकच वेणी, पाठीवर पिशवी. स्टेशनवर किमिएने पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "आजपासून मला आई म्हणायचं." सिल्याने वाकून नमस्कार केला, थोडा विचार केला आणि तुटक जपानीत म्हणाली, "किमिए-सान म्हटलं तर चालेल का? आई मला आहे."

त्यात उद्धटपणा नव्हता. ती जे होतं ते सांगत होती. किमिए म्हणाली, चालेल की, का नाही चालणार. आणि घरी पोचेपर्यंत गाडीच्या खिडकीतून दिसेल ती गोष्ट दाखवत राहिली, नदी, पूल, दवाखाना, भाजीचं दुकान, कारण गप्प बसलं तर ते वाक्य पुन्हा ऐकू येईल अशी तिला भीती वाटत होती.

घराचा दिवस आता पुन्हा भरला. उजाडायच्या आत व्हॅक्युम क्लीनर सुरू व्हायचा. मग भात, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप, भाजलेला मासा, अंड्याची गुंडाळी, दोन-तीन लोणची. सिल्याला सकाळी एक पावाचा तुकडा आणि कॉफी पुरली असती, पण समोर मांडलेलं ती सभ्यपणे निम्मं संपवायची आणि किमिए भाताचा चमचा हातात धरून शेजारी उभी असायची. डबा भरून रुमालात बांधलेला असायचा. छत्री घेतलीस का, हातरुमाल, मफलर. सायकल कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत किमिए फाटकात उभी. मग वर जाऊन गादी उन्हाला टाकायची, टेबल आवरायचं, कपडे नव्याने घड्या घालून ठेवायचे. सिल्या स्वतः घड्या घालून ठेवत होती, तरी.

संध्याकाळी प्रश्नांची सरबत्ती व्हायची. आज कुणाशेजारी बसलीस, गुरुजी काय म्हणाले, दमलीस का, का दमलीस. सिल्याला गरम पाण्याच्या टबात खूप वेळ बसायला आवडायचं. हे एकच सुख असं होतं की त्यासाठी तिला नवीन काही शिकावं लागलं नव्हतं. पण किमिए बाहेरून हाका मारायची, चक्कर तर नाही ना आली, पाणी फार गरम तर नाही. तिसऱ्या हाकेला सिल्या उठून बाहेर यायची.

सगळ्यात जास्त घोर किमिएला एकाच गोष्टीचा लागला होता. रविवारी दुपारी ती मुलगी खिडकीपाशी बसायची आणि काही करायची नाही. हातात फोन नाही, पुस्तक नाही.

"ती नुसती बसलीय," किमिएने खाली येऊन इसाओला सांगितलं.

"बसू दे की."

"अहो, पण काही करत नाहीये ती. बरं नसेल तिला. घरची आठवण येत असेल."

ती सोललेली नाशपाती घेऊन वर गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन गेली. मग थंडी वाजत असेल म्हणून शाल घेऊन गेली. पुढच्या रविवारी सिल्या जेवण झाल्याबरोबर सायकल काढून कुठेतरी निघून गेली.

ऑक्टोबरात शेजारच्या अत्सुकोने फाटकाशी थांबवून सांगितलं की तुमची मुलगी शाळेमागच्या दुकानाशी उभी राहून पाव खाते आणि तिचा डबा बास्केटबॉल खेळणारी पोरं फस्त करतात, माझा नातूच त्यात आहे. अत्सुकोच्या आवाजात सहानुभूतीपेक्षा चव जास्त होती. "डबा मात्र एकदम झकास असतो म्हणे हं," असंही ती म्हणाली. किमिए हसून म्हणाली, वाढतं वय आहे, दोन्ही लागत असेल. घरात येऊन तिने रिकामा डबा उघडून पाहिला. सिल्या तो रोज शाळेतच धुऊन आणायची. त्याला साबणाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी किमिएने दुमजली डबा भरला. इसाओ दाराशी मोजे चढवत होता. त्याने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कामावर गेला.

सिल्याने सांगितलं की ती शाळेतल्या सुलेखनाच्या वर्गाला जाते, म्हणून उशीर होतो. दिवस लहान होत गेले तशी ती अंधारातच घरी यायला लागली. तोवर किमिए आतबाहेर करत राहायची. सूप गरम करायची, गॅस बंद करायची, पुन्हा गरम करायची.

डिसेंबर लागला आणि समुद्रावरून तो वारा सुरू झाला. साकातात बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. शाळेत मुलं स्वतः झाडलोट करतात, त्यात सिल्याच्या वर्गाकडे त्या महिन्यात बाहेरचं आवार होतं. तिचे हात लाल होऊन उलले होते. किमिएने मलम दिलं, लोकरीचे हातमोजे दिले, आणि त्यानेही जिवाला चैन पडेना तेव्हा वर्गशिक्षकांना फोन केला. पोर अंगाने बारीक आहे, परक्या देशातली आहे, तिला आतलं काही काम देता येईल का. शिक्षक भले गृहस्थ. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर जाहीर केलं की सिल्याला थंडी बाधते असं तिच्या घरून कळलं आहे, तेव्हा तिने आजपासून फळा पुसावा.

जिच्या गावी हिवाळ्यात समुद्र गोठतो, त्या मुलीला थंडी बाधते. वर्ग हसून हसून लोळला. पुढे कितीतरी दिवस कुणी ना कुणी तिच्या बाकापाशी येऊन विचारायचं, "हिटर आणून देऊ का?"

सिल्या नेहमीसारखी घरी आली. जेवली, ताट उचललं, आभार मानले, वर गेली. आणि त्याच आठवड्यात होरीबाई आल्या.

होरीबाई खाली शेगडी आणि वर पांघरूण असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसल्या, चहा घेतला, यंदा वारा फार आहे आणि कॉड मासा बरा आलाय असं बोलून झालं. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की सिल्याने घर बदलून मागितलं आहे. तोगाशींच्या घरची काही तक्रार नाही. उलट फार चांगली माणसं आहेत असंच ती म्हणते. फक्त तिला तिथे श्वास घ्यायला जागा मिळत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. दातांच्या डॉक्टरांच्या घरी सोय होऊ शकेल, नवीन वर्षाचा सण झाला की.

किमिएच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. आमचंच काही चुकलं असेल, तुम्हाला उगाच त्रास झाला, असं ती म्हणत राहिली. होरीबाईंना दारापर्यंत सोडायला गेली, त्यांचे बूट बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले, सोबत सलगमाचं लोणचं बांधून दिलं. मग आत येऊन कपबश्या धुतल्या. धुतलेल्या पुन्हा धुतल्या.

"श्वास घ्यायला जागा नाही," ती नळाकडे बघत म्हणाली. "दोन मोठ्या खिडक्या आहेत त्या खोलीला."

इसाओची त्या दिवशी सुट्टी होती. तो सगळं ऐकत बसला होता. "चिनात्सुलाही हेच म्हणायचं होतं," तो म्हणाला. "तिच्यासाठी समिती नव्हती, एवढंच."

लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने तिला इतकं लागेल असं काही म्हटलं नव्हतं. किमिएने नळ बंद केला. त्या दिवसापासून तिला घर खायला उठलं. सिल्याच्या खोलीत जायचं नाही असं तिने ठरवलं. पण माडीच्या जिन्यापाशी आली की पाय आपोआप वळायचे आणि ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. हात नुसते शिवशिवायचे. तिने अत्सुकोच्या अंगणातलाही बर्फ काढला. मग पलीकडच्या म्हाताऱ्याच्या अंगणातला काढला. तो म्हणाला, बाई, आता रस्ताच उखडाल. शेवटी एका दुपारी ती कोट चढवून बाहेर पडली आणि स्टेशनवरून सुटणाऱ्या इसाओच्या बसमध्ये जाऊन बसली.

ती त्याच्या मागच्याच सीटवर बसली. इसाओने आरशात पाहिलं, पांढरे हातमोजे नीट केले आणि गाडी काढली. गाडी चालत असताना तो बोलत नाही हे तिला माहीत होतं. ते बरंच वाटलं. ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. गाडी फिरत होती तोवर छातीतली धडधड जरा कमी वाटायची. दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्या दिवशी वादळ होतं. काचेबाहेर सगळं पांढरं, मधूनच एखादा खांब दिसायचा. शाळेजवळच्या थांब्यावर बरीच मुलं चढली, गर्दी झाली, मग एकेक करून उतरत गेली. समुद्राकाठच्या शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा किमिएने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर सिल्या बसली होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सिल्याचा चेहरा लाल झाला.

"आज सुलेखन नाही का?" किमिएने विचारलं.

सिल्याने मान खाली घातली. तेवढ्यात कचेरीतून इसाओला निरोप आला की रस्ता दिसत नाही, वारा कमी होईपर्यंत गाडी तिथेच थांबवा. त्याने दार लावलं, इंजिन चालू ठेवलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सुलेखन नसतंच," तो म्हणाला. "गेले दोन दिवस सोडले तर ती रोज इथवर येते. दहा मिनिटं समुद्र बघते आणि माझ्याच गाडीने परत जाते. शाळेपाशी सायकल ठेवलेली असते."

"रोज? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"प्रवाशांच्या गोष्टी घरी सांगायच्या नसतात." मग तो म्हणाला, "तू तीन दिवस माझ्या मागे बसतेस, तेही मी तिला सांगितलं नव्हतं."

किमिएला हसावं की रडावं कळेना. म्हणजे ही मुलगी आपल्या घरी यायला नको म्हणून या गारठ्यात बसमध्ये येऊन बसते. आणि आपण तरी तीन दिवस दुसरं काय केलं. ती उठली आणि मागे जाऊन सिल्याच्या शेजारच्या बाकावर बसली. गाडी वाऱ्याने हलत होती.

"तुला माझं घर इतकं नकोसं झालं?"

सिल्या शब्द शोधत होती. तिला उत्तर देताना घाई करायची सवय नव्हती, आणि पहिल्यांदाच किमिएने मध्ये काही भरलं नाही.

"घर चांगलं आहे," सिल्या म्हणाली. "जेवण खूप चांगलं आहे. पण तुम्ही बसत नाही. मी जेवते, तुम्ही उभ्या. मी घास घेते, तुम्ही बघता. मग घशातून खाली जात नाही."

"मी बसत नाही?"

"एकदाही नाही. ऑगस्टपासून."

किमिएने इसाओकडे पाहिलं. तो समोरच्या काचेकडे बघत होता. "एकतीस वर्षांपासून," तो म्हणाला.

मग सिल्याने शाळेतलं सांगितलं, फळा पुसायचं, हिटरचं. रागाने नाही, एकेक शब्द जुळवत. किमिए कानशिलापर्यंत तापली. चिनात्सुच्या दुकानात काय झालं असेल ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. पोरी हसतायत, आणि आपली मुलगी कपड्यांच्या घड्या घालत मान खाली घालून उभी आहे.

"तुझी आई नाही करत का असे फोन?" तिने विचारलं.

"आई जहाजावर काम करते. एक आठवडा समुद्रात, एक आठवडा घरी. ती नसते तेव्हा मी भावाचं जेवण करते."

"आणि ती घरी येते तेव्हा?"

"तेव्हा आम्ही बसतो. कधी कधी दिवसभर बोलत नाही."

"भांडण होतं म्हणून?"

"नाही," सिल्या म्हणाली. "छान वाटतं म्हणून."

किमिएला आपली आई आठवली, रिकामी टोपली दाराशी उतरवणारी, अंगाला मासळीचा वास. "तुला राग नाही येत तिचा? वाट बघायला लावते म्हणून?"

सिल्याला प्रश्नच समजला नसावा. तिने तो मनात उलटवून पाहिला. "येते तेव्हा येते," ती म्हणाली.

वारा बराच वेळ पडला नाही. त्या तिघांनी इसाओच्या डब्यातले उरलेले भाताचे दोन गोळे वाटून खाल्ले. सिल्याने एक पूर्ण खाल्ला. तो किमिएनेच सकाळी वळलेला होता. ती तोंडावर आलेलं वाक्य गिळून बाहेर बघत बसली.

त्या रात्रीच्या जेवणाला किमिए टेबलाशी बसली. आपलं ताट तिने दोघांसारखंच वाढून घेतलं होतं. पहिल्याच घासाला तिला आठवलं की मुळा किसायचा राहिला. ती उठली. इसाओ म्हणाला, "नको मुळा." ती बसली. मग चहाचं पाणी उकळायला लागलं, ती उठली. परत बसली. गुडघे टेबलाखाली नुसते हलत होते. सिल्या खाली बघून जेवत होती आणि तिच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या. शेवटी तिला हसू आवरेना. इसाओही हसला. किमिए दोघांवर खोटंखोटं चिडली आणि त्या नादात तिचा भात संपला.

म्हणून सिल्या राहिली असं मात्र झालं नाही. डॉक्टरांच्या घरी खोली तयार होती, त्यांच्या दोन मुलींनी दारावर तिचं नाव रंगवून लावलं होतं. आता नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. शिवाय सिल्यालाही जायचंच होतं, आणि विचारल्यावर तिने ते लपवलं नाही. नवीन वर्षाचा सण झाल्यावर इसाओने तिची बॅग गाडीत ठेवली. डॉक्टरांच्या दारात किमिएने रीतीप्रमाणे सगळं म्हटलं, आमच्या मुलीला सांभाळून घ्या वगैरे. ती अंडं अर्धंच खाते, हे जिभेच्या टोकावर आलेलं तिने दात आवळून आत ठेवलं. सिल्याने वाकून नमस्कार केला. मग पुन्हा एकदा केला, जरा जास्त वेळ.

पुढे ती जुलैत परत जाईपर्यंत तिथेच राहिली. एखाद्या रविवारी न कळवता यायची, टबात मनसोक्त वेळ बसायची आणि किमिए मागच्या अंगणात जाऊन काहीतरी करत राहायची, म्हणजे हाक मारायची पाळी येऊ नये. शेवटपर्यंत ती तिला किमिए-सानच म्हणत असे.

पण ते नंतरचं. जानेवारीत घर पुन्हा रिकामं झालं आणि किमिएच्या मनाने एकच धरलं. सेन्दाईला जायचं. ती उद्याच निघाली असती. इसाओ म्हणाला, आधी फोन कर. तिने फोन केला तेव्हा चिनात्सुने पहिलं विचारलं, "बाबांना काय झालं?"

"काही नाही. मलाच यायचंय. तुला भेटायला."

मग चिनात्सु म्हणाली की रविवारी तीन वाजेपर्यंत ती दुकानात असते. त्यानंतर ये.

किमिए अर्थातच दुपारच्या आधीच सेन्दाईला पोचली. हातात लोणच्यांची जड पिशवी. चिनात्सु चष्म्यांच्या दुकानात होती, ते दुकान मोठ्या बाजारात होतं हे तिला ठाऊक होतं. ती समोरच्या फुटपाथवरून चालत गेली. काचेतून तिची मुलगी दिसली. केस कापलेले, एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवून बघत होती आणि त्याच्याशी काहीतरी हसून बोलत होती. किमिएचे पाय थांबले. तिने ते पुढे ढकलले. बाजाराच्या टोकापर्यंत गेली, तिथे जीव राहिना म्हणून परत आली, पुन्हा समोरून गेली. आत शिरली नाही.

तीननंतर ती चिनात्सुच्या घरी गेली. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, लहानशी. "बस," ती म्हणाली. किमिए बसली. चहा आला. नोकरी कशी आहे, बरी आहे. बाबांचा गुडघा, तसाच आहे. किमिएने सिल्याबद्दल थोडं सांगितलं, ती दुसऱ्या घरी गेली तेही. चिनात्सुने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

किमिएचं तोंड बाल्कनीकडे होतं. दोरीवर कपडे वाळत होते. बाहेर अंधारून आलं आणि ओला बर्फ पडायला लागला, आधी एखाददुसरा थेंब, मग चांगलाच. टॉवेल ओला होताना तिला दिसत होता. मग ब्लाउज. तिने दोन्ही हात मांडीखाली सरकवले. आपलं घर नाही. आपले कपडे नाहीत. मुलगी काय म्हणतेय इकडे लक्ष द्यायचं. तिच्या कपाळावर घाम आला.

चिनात्सुने पिशवीतून लोणचं काढताना बाहेर पाहिलं आणि धावली. निम्मे कपडे निथळत होते. "आई, तू इकडेच तोंड करून बसली होतीस. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, तुझे कपडे आहेत," किमिए म्हणाली.

चिनात्सु ओला टॉवेल हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. "असं नसतं गं काही," ती म्हणाली. "पाऊस आला तर सांगायचं असतं. कुणीही सांगतं." आणि चिडक्या सुरातच पुढे, "ये इकडे. धर ही दुसरी बाजू."

दोघींनी न्हाणीघरात उभं राहून चादर पिळली. किमिएच्या मनगटात अजून कारखान्यातली ताकद होती. चादरीतून पाण्याची धार लागली.

"दुपारी दुकानासमोरून गेलीस," चिनात्सु चादर झटकत म्हणाली. "दोनदा. लोणच्याची पिशवी घेऊन."

"दिसले होय मी?"

"अख्ख्या दुकानाला दिसलीस. आत का नाही आलीस?"

"तू तीननंतर म्हणाली होतीस."

चिनात्सुने तोंड फिरवलं आणि चादरीची घडी घालायला लागली, ओल्या चादरीची, जी घालायची काही गरज नव्हती. किमिएला ते कळत होतं.

परतीची गाडी पकडायला चिनात्सु बसथांब्यापर्यंत सोबत आली. वाटेत किमिएला दर पावलाला काहीतरी विचारायचं होतं. रात्री कुणी सोबत असतं का, जेवण स्वतः करतेस का, दुकानातली माणसं कशी आहेत. तिने त्यातलं एकच विचारलं, खोली थंड पडत नाही ना. पडते, चिनात्सु म्हणाली, पण सवय झाली. गाडी आली. किमिए चढली, खिडकीपाशी बसली आणि काच खाली होत नाही हे कळल्यावर पुन्हा दारात आली.

"पुढच्या वेळी इतकं लोणचं आणू नकोस," चिनात्सु खालून म्हणाली. "मला एकटीला संपत नाही."

दार लागलं. गाडी शहराबाहेर पडून डोंगर चढायला लागली तरी किमिएला चैन नव्हती. शेजारची बाई झोपली होती. तिला उठवून जागा बदलून घ्यावी, की ड्रायव्हरजवळ पुढे जाऊन बसावं, की इसाओला फोन करावा, यातलं काहीच ठरत नव्हतं. पुढच्या वेळी, असं चिनात्सु म्हणाली होती. म्हणजे कधी, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.